हनुवटीच्या वळणावर

कोथरूडच्या एका गृहस्थांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर वस्तऱ्यानं दाढी करायला शिकायचं ठरवलं, त्याला कारण झाली एक किल्ली. सुपरमार्केटात बदाम उघड्यावर होते, काजू उघड्यावर होते, केशरसुद्धा हात पोचेल अशा फळीवर होतं. पाच पात्यांच्या रेझरची कार्ट्रिजं मात्र काचेच्या कपाटात कुलूपबंद.

"किल्ली मॅनेजर सरांकडं असते," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"मग त्यांना बोलवा."

"जेवायला गेलेत. तुम्ही तोवर केशर बघा ना, सर."

मॅनेजर आले, त्यांनी कपाट उघडलं आणि पाकीट गृहस्थांच्या हाती न देता स्वतःच बिलाच्या काउंटरपर्यंत नेलं. चार कार्ट्रिजांची किंमत गृहस्थांनी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. पाकीट परत कपाटात जात असताना त्यांच्या तोंडून एक ऐतिहासिक वाक्य बाहेर पडलं : "आमच्या आजोबांनी एका वस्तऱ्यावर अख्खा जन्म काढला!"

घरी आल्यावर आईनं इतिहास दुरुस्त केला. "तुझ्या आजोबांनी जन्मात वस्तरा हातात धरला नाही. आठवड्याला न्हावी यायचा ओसरीवर, धोकटी घेऊन. सुगीला त्याचं बलुतं जायचं. हे नुसते मान वर करून बसायचे." पण तोवर गृहस्थांचा संकल्प सोडून झाला होता.

आता एका हनुवटीला पाच पाती कशाला लागतात, हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही. 1971 साली जिलेटनं दोन पात्यांचा रेझर आणला. पहिलं पातं केसाला ओढून जरा वर काढतं, तो मागं सरकायच्या आत दुसरं पातं त्याला गाठतं, असा त्यामागचा विचार. 1975 मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी विनोदी कार्यक्रमाच्या पहिल्याच भागात तीन पात्यांच्या रेझरची खोटी जाहिरात दाखवली. तीन पाती म्हणजे किती हा बावळटपणा, असं म्हणून लोक पोट धरून हसले. 1998 साली तीन पात्यांचा खरा रेझर दुकानात आला. 2003 मध्ये 'शिक' या कंपनीनं चार पाती लावली. 2004 साली 'द ओनियन' या थट्टेखोर वृत्तपत्रानं पाच पात्यांवर एक फर्मास लेख छापला आणि 2006 मध्ये पाच पात्यांचा रेझर बाजारात हजर झाला. विडंबन करणाऱ्यांच्या पोटावर इतक्या पद्धतशीरपणे पाय दुसऱ्या कुठल्या उद्योगानं दिला नसेल. पहिली दोन पाती काम करत असतील, तर उरलेली तीन बहुधा देखरेखीवर असावीत. सरकारी खात्यात राहिलेल्या माणसाला हे लगेच पटतं, आणि गृहस्थ सरकारी खात्यातलेच होते.

वस्तरा मागवला तो जर्मनीतल्या झोलिंगन गावचा. वस्तऱ्यांच्या जगात झोलिंगन आणि इंग्लंडचं शेफील्ड ही दोन घराणी; तिसऱ्याचं नाव घेताना जाणकार आवाज खाली आणतात. खोक्यातून तो निघाला तेव्हा सौभाग्यवतींनी किमतीची चिठ्ठी आधी पाहिली.

"अहो, एवढ्यात कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये तुमची दोन वर्षं दाढी झाली असती. वर चंपी."

"ही गुंतवणूक आहे."

"मग लॉकरमध्ये ठेवा."

तसं पाहिलं तर गृहस्थ तीस वर्षं रोज दाढी करत होते. पण शिकले कधी? पुरुषाला पोहायला कुणीतरी शिकवतं, सायकल कुणीतरी मागून धरतं, गाडीसाठी तर परवाना लागतो. दाढी मात्र त्याला 'येते'. सोळाव्या वर्षी बाथरूमची कडी लावून, वडिलांचा रेझर चोरून, ओठावरच्या चार केसांवर त्यानं जो काय प्रयोग केलेला असतो, त्याच ज्ञानावर पुढचं सगळं आयुष्य निघतं. ज्याँ-जाक पेरे नावाच्या फ्रेंच कारागिराला हे मान्य नव्हतं. हा सुऱ्या-कात्र्या बनवणारा माणूस. त्यानं 1769 साली पॅरिसमध्ये एक अख्खं पुस्तक काढलं, स्वतःची दाढी स्वतः करायला कसं शिकावं यावर. पुस्तकावर भागणार नाही हेही त्याला कळत असावं, कारण त्यानं वस्तऱ्याला सुताराच्या रंध्याच्या धर्तीवर लाकडाची खोबण बसवली. धारेची फक्त कड बाहेर, म्हणजे शिकाऊ माणसाला स्वतःचं फार नुकसान करता येऊ नये. सेफ्टी रेझरची वंशावळ इथपासून मोजतात. आमच्या गृहस्थांनी पेरेचं पुस्तक वाचलं नव्हतं आणि त्यांच्या वस्तऱ्याला खोबणही नव्हती.

वस्तऱ्याचं पहिलं काम गालावर नसतंच, ते पट्ट्यावर असतं. दगडावर धार काढतात ती अधूनमधून. चामड्याच्या पट्ट्यावर मात्र प्रत्येक दाढीआधी वस्तरा परजावा लागतो, म्हणजे वापरून इकडंतिकडं वळलेली धार पुन्हा सरळ रेषेत येते. परजताना पाठ पुढं आणि धार मागं, आणि टोकाला पोचल्यावर वस्तरा वळवायचा तो पाठीवर. एवढा एकच नियम. गृहस्थांनी वस्तरा परजण्याचं शिक्षण हिंदी सिनेमातल्या खलनायकांकडून घेतलेलं असल्यामुळं त्यांचा सगळा भर वेगावर होता. पट्टा त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराच्या मुठीला अडकवला, डाव्या हातानं ताणून धरला आणि सटासट हात चालवायला सुरुवात केली. तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या मोजून सौभाग्यवतींनी आतून दार उघडलं. दार आत गेलं, पट्टा दाराबरोबर गेला, वस्तरा वळायच्या जागी न वळता पट्ट्यातून आरपार गेला. उत्तम प्रतीच्या चामड्याचे दोन तुकडे झाले. धार मात्र खरोखर चांगली होती, हे त्या निमित्तानं सिद्ध झालं.

दुसरा धडा फुग्याचा. न्हावीकामाच्या वर्गांत शिकाऊंना फुगवलेल्या फुग्यावर फेस लावून तो वस्तऱ्यानं निपटायला देतात. हात जड पडला की फुगा फुटतो. गुण देणारा परीक्षक वेगळा लागत नाही. मुलीच्या वाढदिवसाचे उरलेले फुगे कपाटात होते. गृहस्थांनी एकाला साबणाचा दाट फेस फासला, कुशीत धरला आणि अतिशय नाजूकपणे वस्तरा टेकवला. फेस आरशावर, ट्यूबलाइटवर आणि पंख्याच्या एका पात्यावर उडाला.

"काय फुटलं रे?" आतून आईचा आवाज.

"फुगा," मुलीनं ओरडून सांगितलं.

"आज कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचा नाही, आजी. बाबांची दाढी चाललीये."

प्रत्यक्ष चेहऱ्यावरचा मुहूर्त गृहस्थांनी सोमवारचा काढला. त्या दिवशी कोपऱ्यावरचं सलून बंद, म्हणजे मोहात पडून मागं फिरायची सोय नाही. वस्तऱ्याचा कोन त्वचेशी साधारण तीस अंशांचा असावा लागतो. त्याहून सपाट धरला तर केस कापला न जाता ओढला जातो आणि डोळ्यांतून पाणी येतं. त्याहून उभा धरला तर पाणी येत नाही, रक्त येतं. शिवाय मोकळ्या हातानं कातडी ताणून धरायची. आता उजव्या हातात वस्तरा घेऊन डावा गाल करायचा म्हणजे हात तोंडावरून आडवा जातो आणि आरशात दाढीऐवजी स्वतःचं मनगट दिसतं. यावर उपाय म्हणजे डाव्या हातानंही वस्तरा चालवायला शिकणं. गृहस्थांना डाव्या हातानं चमचासुद्धा धरता येत नव्हता.

तरीही दोन्ही गाल सुखरूप पार पडले. नवशिक्यानं पहिल्या दिवशी इथंच थांबावं आणि बाकीची दाढी नेहमीच्या रेझरनं उरकावी, असं सगळे जाणकार एकमुखानं सांगतात. पण यश डोक्यात गेलं. गाल म्हणजे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग; हनुवटी हा जुना खंडाळ्याचा घाट आहे, हे त्यांना पहिल्याच वळणावर कळलं. हनुवटीवर केस वाटेल त्या दिशेला उगवतात, कातडी ताणायला जावं तर ती हाडावरून निसटते, आणि खाली कंठमणी हा प्राणी भीतीनं गिळलेल्या आवंढ्याबरोबर वरखाली पळत असतो. तुरटीचा खडा संपत आला तेव्हा दाढी संपली. ऑफिसात गृहस्थ चेहऱ्यावर टिश्यू पेपरचे सात-आठ तुकडे चिकटवून पोचले.

"सर, मांजर पाळलंय का?" शिपायानं अदबीनं विचारलं.

अशा प्रसंगी थोरामोठ्यांचा आधार घ्यावा. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं गांधीजींचे केस कापायला तुच्छतेनं नकार दिला, तेव्हा त्यांनी कात्रणयंत्र विकत आणलं आणि आरशासमोर उभं राहून स्वतःच केस कापले. पुढचे बरे जमले, मागच्यांचा विचका झाला. कोर्टातल्या मित्रमंडळींनी हसून हसून विचारलं, केस उंदरांनी कुरतडले की काय? हे त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितलंय, आणि तिथंच अशीही नोंद केलीय की विलायतेला गेलेला माणूस स्वतःची दाढी करायला तरी शिकतोच. हे वाक्य गृहस्थांना लागलं. ते विलायतेला गेलेले नव्हते.

मग त्यांनी मधला मार्ग काढला : सलूनवाल्यांकडं असतो तसा पातं बदलायचा वस्तरा. दिसायला वस्तराच, पण धारेच्या जागी एक खाच. दुधारी ब्लेड कागदाच्या वेष्टनातच मधोमध कट्कन मोडायचं आणि अर्धं त्या खाचेत सरकवायचं. एड्सच्या भीतीनं गिऱ्हाइकं 'नवीन ब्लेड टाका हं' असं बजावू लागली, तेव्हापासून आपल्याकडच्या बहुतेक सलूनांतला जुना वस्तरा असा निवृत्त झाला. दगड नको, पट्टा नको, दार कुणी उघडलं तरी चिंता नको.

हे जे दुधारी पातं मोडतात, त्याचा जनक किंग कॅम्प जिलेट हा गृहस्थांपेक्षाही हट्टी. बाटल्यांच्या बुचांचा हा फिरता विक्रेता. बुचांचा शोधकर्ता विल्यम पेंटर यानं त्याला सल्ला दिला होता : लोक एकदा वापरून फेकतील असं काहीतरी काढ, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दारात येईल. 1895 साली एका सकाळी बोथट वस्तऱ्याकडं बघताना जिलेटला पत्र्याइतक्या पातळ पात्याची कल्पना सुचली. तो एमआयटीच्या तज्ज्ञांकडं गेला. (कोथरूडच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. ही अमेरिकेतली एमआयटी. पौड रस्त्यावरची नव्हे.) तज्ज्ञांनी सांगितलं, इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार देता येणार नाही. आपण तंत्रशिक्षण घेतलं असतं तर त्याच दिवशी नाद सोडला असता, असं जिलेट पुढं म्हणत असे. शेवटी हे अशक्य काम जमवलं विल्यम निकर्सन या अभियंत्यानं, आणि तो शिकला होता त्याच एमआयटीत.

1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षात कंपनीचे 51 रेझर आणि 168 पाती खपली. आठवड्याला एक रेझरसुद्धा भरत नाही. पुढच्याच वर्षी रेझरांचा आकडा 90 हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावाचे मुखवटे चेहऱ्यावर घट्ट बसावेत म्हणून सैनिकांची दाढी गुळगुळीत लागू लागली, आणि अमेरिकी सरकारनं सुमारे 35 लाख रेझर घेऊन फौजेला वाटले. एक गंमत म्हणजे हाच जिलेट 1894 साली पुस्तक लिहून सांगत होता की स्पर्धा आणि नफेखोरी मोडीत काढावी आणि अख्ख्या अमेरिकेनं नायगारा धबधब्याजवळ एकाच अवाढव्य नगरात राहायला यावं. नगर झालं नाही, पाती झाली. प्रत्येक पात्याच्या वेष्टनावर त्याचं चित्र असे, आणि त्या चित्रात जगाची दाढी करणाऱ्या या माणसाला झुबकेदार मिशी होती.

अर्ध्या पात्याचा वस्तरा सोपा, हा गृहस्थांचा समज कानाच्या पाळीपर्यंत टिकला. जुन्या वस्तऱ्याला वजन असतं, तो चुकायला लागला की हाताला सांगतो. हे पातं जेमतेम दशांश मिलिमीटर जाडीचं. ते काही सांगत नाही, थेट करतं. शिवाय त्याच्या कोपऱ्यांना गोलाई नसल्यानं दोन्ही टोकं संधी शोधत असतात. सलूनवाल्याच्या हाती तो लोण्यावर फिरावा तसा फिरतो याचं कारण वस्तऱ्यात नसून त्याच्या मनगटात असतं, आणि मनगट कुठल्याच कपाटात कुलूप लावून विकत नाहीत.

"पातं बोथट असेल हो," गृहस्थ घरी बाजू मांडत होते. आश्चर्य म्हणजे यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. दाढीच्या केसापेक्षा पात्याचं पोलाद जवळपास पन्नासपट कठीण, तरी पातं बोथट का होतं, हे कोडं 2020 साली पुन्हा त्याच एमआयटीनं सोडवलं. जानलुका रोशिओली या संशोधकानं स्वतःची दाढी वाढवली, ती केली आणि पाती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. केस वाकला आणि धारेवर तिरका आला की एकटा केससुद्धा पोलादाचा कपचा काढू शकतो, असं दिसून आलं. 'सायन्स' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. दाढी करायची, ती लिहायची आणि त्यावर जगानं टाळ्या वाजवायच्या, हे ऐकून गृहस्थांना स्वतःच्या घराची कीव आली.

पुढचा घाव पाण्यानं घातला. गृहस्थांची दाढी आता इतकी लांबू लागली होती की सोसायटीचं पाणी जायची वेळ मध्येच यायची. एका सकाळी अर्धा चेहरा फेसात असताना नळानं एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. बिनपाण्यानं हजामत होते म्हणजे काय, याचा त्यांना शब्दशः प्रत्यय आला. सौभाग्यवतींनी न बोलता आमटीच्या वाटीत पिण्याचं पाणी आणून ठेवलं.

या वाटीपुढं मोठमोठ्यांनी हात टेकलेत. जिलेट कंपनीनं 2002 च्या सुमारास भारतासाठी एक रेझर काढला आणि तो भारतीयांना चालतो का, हे बघायला भारतीय माणसं शोधली. ती कुठं सापडली? एमआयटीत शिकणारे भारतीय विद्यार्थी. (होय, तीच.) मुलांनी रेझर पसंत केला. भारतात मात्र तो केसांनी तुंबू लागला. विद्यार्थी दाढी करत होते वाहत्या नळाखाली. इथले कोट्यवधी लोक करत होते वाटीभर पाण्यात. मग कंपनीची माणसं भारतात आली, घराघरांत बसली आणि हजारो तास लोकांच्या दाढ्या बघत राहिली. जमिनीवर मांडी घालून, हातात छोटा आरसा, अंधूक उजेड, समोर वाटी. यातून 2010 साली जो रेझर निघाला त्याची किंमत 15 रुपये, बदली कार्ट्रिज 5 रुपये, आणि वाटीत बुचकळला की केस सुटावेत अशी मोकळी रचना. पाच पात्यांपर्यंत चढलेल्या कंपनीनं एवढा अभ्यास करून त्याला पाती बसवली ती एक.

गृहस्थांनी हा अभ्यास ऐकून ध्यानात घ्यावा, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. ते गेले थेट सलूनवाल्या मामांकडं. मामांनी त्यांचा चेहरा उजेडाकडं वळवून निरखला.

"कुणी केलंय हे?"

"मीच. मामा, मला शिकवा."

"वडिलांनी मला वर्षभर नुसता वस्तरा परजायला लावला होता, साहेब. आणि पहिली गोष्ट शिकवली ती वस्तरा खाली कधी ठेवायचा."

मामांच्या या वाक्याला इतिहासाचं पाठबळ आहे. 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही, असं शेकडो न्हाव्यांनी ठरवलं. शहरातले भले भले विद्वान तेव्हा शास्त्रार्थ करत बसले होते.

"आणि दुसरी गोष्ट?" गृहस्थांनी विचारलं.

"आरशात सगळं उलटं दिसतं. त्यामुळं आधी दुसऱ्याच्या दाढीवर हात बसवायचा, मग आपल्या. आमचं सगळ्यांचं असंच झालं."

"मग तुमच्या दाढीवर...?"

मामांना अचानक गल्ल्यातले सुटे पैसे मोजायचं काम आठवलं.

त्याच रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संदेश गेला : दर रविवारी सकाळी नऊ वाजता क्लबहाउसमध्ये पारंपरिक पद्धतीनं मोफत दाढी, गरम टॉवेलसह. लिफ्ट बंद असल्याच्या संदेशावर एरवी रात्री दोनपर्यंत चर्चा रंगते. या संदेशावर अंगठासुद्धा उमटला नाही. पहिल्या रविवारी गृहस्थ खुर्ची, टॉवेल आणि वाटी मांडून अकरा वाजेपर्यंत बसले. दुसऱ्या रविवारी मेहुणे भाऊबीजेला घरी आले होते, ते ओवाळून होताच जेवायचं सोडून निघाले. तिसऱ्या आठवड्यात गृहस्थांच्या लक्षात आलं की बी विंगमधल्या देशपांड्यांच्या गालांवर खुंट दिसतायत, सेक्रेटरींची पांढरी दाढी चांगली बोटभर झालीय, आणि रोज घोटून दाढी करणारे निवृत्त कर्नलसुद्धा जिन्यात तोंड फिरवून जातायत.

त्यांनी देशपांड्यांना लिफ्टमध्ये गाठलं. मधे थांबायला मजला नव्हता.

"काय हो, दाढी वाढवलीत?"

"श्रावण पाळतोय," देशपांडे म्हणाले.

"अहो, पण हा कार्तिक चालू आहे!"

"हो, पण गेल्या वर्षीचा राहून गेला होता ना."